आधी फी, मग डॉक्टर

चामोर्शी,
दि. १२ जुलै २०२४

चि. अन्नपूर्णा हिस तिच्या बाईचा, थोरल्या बहिणीचा, जयभीम व अनेक आशीर्वाद.

इकडे समदे खुशाल. फोनवर मी ओरडते अन् तुले भलतंच ऐकू येते, म्हणून आपलं पत्रच बरं. सांगून राह्यली मी, लिहून राह्यली नातसून नूतन. तक्रार हिच्याबद्दलच आहे, पण लिहून घ्यावं कोणाकडून? नातू प्रवीण डॉक्टर झाला तेव्हापासून त्याचं अक्षर औषधवाल्याशिवाय कोणाले समजत नाई. नूतनले बजावलं, जसंच्या तसं लिही, आपल्या सोयीचं गाळू नको.

तर ऐक. प्रवीणनं दवाखाना उघडला तेव्हापासून दारापाशी स्टूल टाकून मी बसत होती. तपासून निघाला की पेशंट फी माझ्या हातावर ठेवे. ज्याच्यापाशी नसन त्याले मी म्हणे, राहू दे, धान निघाल्यावर पाहू. माणसं घडीभर टेकत. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, मले जागेवर कळे. मग ही आली. लग्नाआधी चंद्रपुरात एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसत होती. इथी औषधाचं बिल थकलं अन् प्रवीण मोटारसायकल विकाले निघाला, तर हिनं भिंतीलेच खिडकी पाडली. वर पाटी लावली, आधी फी, मग डॉक्टर. आता आल्याबरोबर पैसे मोजा, नाई तर मोबाइल दाखवा. माझं स्टूल गेलं सैपाकघरात.

पैशाचं मले काही नाई. मोटारसायकल वाचली, चांगलंच झालं. पण ज्यांचे लेकरं मी मांडीवर घेऊन बसली, ते आता "नूतनबाई, नूतनबाई" करत खिडकीत मुंडकं घालतात, अन् मी मागं कांदे चिरते. कांद्यानं डोळ्यात पाणी आलं तर ही विचारते, आजी, काय झालं? लिहिताना हसून राह्यली. हसली तेही लिही म्हटलं.

जीव लावतेस तसा लाव, अन् या खेपेस जरा माझ्या बाजूनं लाव.

तुझी बाई,
सुगंधा (अंगठा माझाच आहे)


ऊर्जानगर,
दि. २१ जुलै २०२४

ती. बाईस अन्नपूर्णाचा सविनय जयभीम.

पत्र पोचले. नूतनचे अक्षर मोत्यासारखे आहे. हे ऐकून तुझा पारा चढणार, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिले. नूतन, हे तू बाईला मोठ्याने वाचून दाखव.

बाई, तुला कशाचा हेवा वाटावा? मुलगा कुलदीप सकाळी कंपनीच्या बसने ड्यूटीवर जातो, सून शाळेवर शिकवायला जाते, आणि क्वार्टरमध्ये दिवसभर मी आणि पंखा. मला ऐकू येत नाही, म्हणून शेजारणीही मान हलवून पुढे जातात. तुझ्या दारात मात्र रोज माणसांची रांग. तू नेहमी म्हणतेस, अन्नपूर्णा शाळेत गेली आणि मी धानाच्या रोवण्याला. पण चिखलातून येताना तू दहा बायकांना हसवत यायचीस, अन् मी पाटी घेऊन एकटी. अक्षर मला आले, माणसे तुला आली. जळायचा पहिला हक्क माझा आहे.

आणि काय गं, तुझ्या मैत्रिणीचे, कलाबाईचे काय? पूर्वी तुझ्या पत्रात तुझ्यापेक्षा तीच जास्त असायची. हल्ली तिचे नावही नाही. भांडलात का?

सर्वांना आठवण सांगावी, मला विसरू नये.

तुझी,
अन्नपूर्णा


चामोर्शी,
दि. ४ ऑगस्ट २०२४

चि. अन्नपूर्णा हिस जयभीम व आशीर्वाद.

कलाचं नाव काढलंस अन् नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. भांडण नाई, तंटा नाई, तरी ही बाई मागच्या पावसाळ्याच्याही आधीपासून माझ्या दारात आली नव्हती. दवाखान्यासमोरची सडक सोडून बोडीच्या पाळीवरून, तळ्याले वळसा घालून बाजाराले जाय. निरोप धाडला तर म्हणे काम आहे. मले वाटे, म्हातारपणात माणूस असंच तुटत असन.

अन् परवा बाजाराच्या दिवशी काय पाहते! कला आली. माझ्यापाशी नाई, खिडकीपाशी. गुडघा दाखवाचा होता. नूतनले फी देली, पावती पिशवीत घातली, अन् दोघी अशा खिदळल्या की मले चुलीपाशी ऐकू आलं. मी मुद्दाम गंज-भांडे आपटत बाहेर निघाली. तर कला म्हणते, काय सुगंधा, बरी आहेस? येष्टीत भेटलेल्या बाईले विचारावं तसं! जाताना पिशवीतून पावसाळी रानभाजी, काटवलं काढली अन् देली कोणाले? नूतनले. मले काटवलं किती आवडतात हे तिच्याशिवाय कोणाले माहीत होतं?

ती भाजी मी तोंडात घातली नाई. नूतन हात थांबवून विचारते, आजी, खरं लिहू का? बरं, लिही, थोडीशी खाल्ली.

आता ऐक माझा निश्चय. माझी मैत्रीणही या खिडकीनं नेली. प्रवीणले सांगतलं मी, पोळ्यापर्यंत खिडकी बुजव, नाई तर मले अन्नपूर्णाकडे पोचवून दे. तो जेवण अर्धं टाकून उठला. नूतन त्या दिवसापासून हसत नाई. हेही तिनंच लिहिलं, मी सांगतलं म्हणून.

खाट तयार ठेव. माया आटू देऊ नको.

तुझी बाई,
सुगंधा


ऊर्जानगर,
दि. १३ ऑगस्ट २०२४

ती. बाईस सविनय जयभीम.

खाट तयार आहे. तू यावीस असे मला इतके वाटते की खरे तर मी गप्पच बसायला हवे होते. पण राहवत नाही.

मागे मी तुझ्याकडे आले होते, तेव्हा तुझ्या स्टुलापाशीच बसले होते. कलाबाई तपासून बाहेर आली. तिच्या मुठीत घडी केलेली नोट होती. तू तिचा हात ढकललास आणि भरल्या दवाखान्यात मोठ्याने म्हणालीस की हिच्याकडून घ्यायचे नाहीत, ही माझी आहे. मला तेव्हा तिचा हेवा वाटला, कारण माझ्याबद्दल तू असे चारचौघांत कधी म्हणाली नाहीस. पण ती हसली नाही, बाई. नोट पदराला बांधली आणि चपला शोधत राहिली, चपला तिच्या पायांतच होत्या.

मला ऐकू कमी येते, म्हणून मी चेहरे बघते. इकडे येण्याआधी एकदा तिच्या घरी जा. मग हवी तितकी राहा.

रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझी,
अन्नपूर्णा


चामोर्शी,
दि. २९ ऑगस्ट २०२४

चि. अन्नपूर्णा हिस जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

गेली होती कलाकडे. चहा देला तिनं, अन् मग सरळच बोलली. म्हणे, फुकटात किती खेपा यावं माणसानं? दुखणं नसताना बसाले आली तरी लोकं म्हणत, आली फुकटची. गुडघा दुखे तर बस धरून गडचिरोलीले जाय, तिथी पैसे भरून दाखवे. ती बस माझ्याच घरासमोरून जाते, अन्नपूर्णा! आता म्हणे नूतन सगळ्यांकडून घेते तसे माझ्याकडूनही घेते, तर मान वर करून येता येते. मी म्हटलं, मायेनं करत होती मी. ती म्हणे, माया तुझी होती, लाज मले वाटे. मी तणतणत घरी आली. रस्ताभर तिलेच बोलली.

मग पुढच्या बाजाराच्या दिवशी मी रांगेत उभी राह्यली. गुडघा माझाही दुखतेच. समोर कला. खिडकीशी पोचली तर नूतन म्हणते, काय आजी, तुमच्याकडून का पैसे घ्याचे? अन् माझा हात मागं सारला. समदे हसले. वाईट कोणाच्या मनात नव्हतं, पण मले कानापासून मानेपर्यंत चटका बसला. नोट कुठी ठेवावी समजेना. कलानं वळून पाह्यलं. मी म्हटलं, घेतेस का जाऊ दुसऱ्या डॉक्टरकडे? तेव्हा घेतली. पावतीही देली. लिहिताना आत्ता डोळे पुसून राह्यली ही, कागद ओला झाला तर समजून घे.

खिडकी राहू दे म्हटलं प्रवीणले. मी इथीच आहे, तू ये चार दिवस. त्या दिवशी नंबर येईपर्यंत मी अन् कला बाकावर बसलो. दोघीत मिळून अख्ख्या चामोर्शीचा हिशेब झाला, अन् खिडकीतली नूतन कान देऊन ऐकत होती, तिले येता येईना. मले लई बरं वाटलं.

एकच गोष्ट खटकली. प्रवीणनं कलाचा गुडघा चांगला पाच मिनिटं दाबून पाह्यला अन् माझा दोन मिनिटांत आटोपला. फी आम्ही दोघींनी सारखीच भरली होती. हे मी त्याले आज जेवताना विचारणार आहे.

तुझी बाई,
सुगंधा