कसांड्राच्या दाराशी

जव-कापणीचा महिना, दुसरा दिवस

आज मी ट्रॉयच्या राजवाड्यात द्वारपाल म्हणून रुजू झालो. मनोऱ्याच्या पायथ्याची दगडी कोठडी माझ्या हवाली करण्यात आली असून तीत राजकन्या कसांड्रा यांना ठेवलेले आहे. येथील इतर पहारेकऱ्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नाही. मी चार वर्षे पाठशाळेत बसलेलो आहे. कारभाऱ्यांनी ते ध्यानी घेतले असावे. माझी मुलगी फिलोनी हिलाही सोबत राहण्याची परवानगी मिळाली. ग्रीकांच्या वेढ्यात तिचा नवरा मारला गेल्यापासून आज ती प्रथमच पोटभर जेवली. भाकरी, अंजिरे आणि शेळीच्या दुधाचे चीज होते. निवास उत्तम आहे.

तिसरा दिवस

स्वयंपाकीण हेकाले बडबडी आहे. तिने सांगितले की, अपोलो देवाने राजकन्येला भविष्य पाहण्याची दृष्टी दिली; परंतु तिने त्याला नाकारताच तो तिच्या तोंडात थुंकला. तेव्हापासून तिचे बोलणे खरे असते, पण कोणालाच पटत नाही. इतके सांगून हेकाले लगेच म्हणाली, "मला विचाराल तर म्हातारबा, डोकं फिरलंय पोरीचं."

पाचवा दिवस

राजकन्या मला दाराआडून 'बाबा' म्हणतात. सकाळी त्यांनी कळवले की, बाटोन या पहारेकऱ्याची बोटे आज दारात चिरडतील. मी त्याला तसे सांगितले. "मग आजोबा, रात्री घास तुम्हीच भरवा हं!" असे म्हणून तो खिदळला. मीही हसलो.

दुपारी वाऱ्याने दार आपटले. दोन बोटे गेली.

सातवा दिवस

हेकालेचा भाऊ तटावरून पडेल, असे राजकन्या काल म्हणाल्या होत्या. ते मला इतके अशक्य वाटले की मी हेकालेला सांगितलेही नाही. आज त्याची चिता पेटली.

मी शांतपणे विचार केला. राजकन्या दोन्ही वेळा खऱ्या ठरल्या, हे मी पूर्णपणे जाणतो. तथापि त्यांनी पुढचे वाक्य उच्चारताच, हे मात्र निश्चित खोटे, अशी माझी खात्री होते. ही खात्री माझी नाही. कोणीतरी ती आत आणून ठेवतो.

नववा दिवस

ग्रीक आपली गलबते घेऊन निघून गेले. किनाऱ्यावर त्यांनी लाकडाचा प्रचंड घोडा सोडला आहे. त्याच्या पोटात माणसे आहेत, असे राजकन्या म्हणतात. मला हसू आले — मला हसावयाचे नव्हते.

पटो वा न पटो, फिलोनीला इडा पर्वतावर धाडावयाचे, असा मी निश्चय केला. मलाच तसे स्वप्न पडले, असे तिला सांगितले. राजकन्येचे नाव घेतले नाही. तरीही ती हसत सुटली. "बाबा, दहा वर्षांनी आज वेस उघडली, गल्लीत नाच चाललाय, आणि मी डोंगरात जाऊन बसू?"

त्याच दिवशी, संध्याकाळी

घोडा आत आला. वेशीवरची भिंत फोडली त्याकरिता — आपल्याच लोकांनी, गात गात.

अंधार पडल्यावर

खालच्या वस्तीत आग. किंकाळ्या. फिलोनी धावत आली.

राजकन्या म्हणतात, तिला माझ्यापाशी कोंडा. अथेनाच्या देवळात धाडू नका. मूर्तीला धरलेले हातही ग्रीक ओढून सोडवतील.

असे होणे नाही. मूर्तीला बिलगलेल्या शरणागताला शत्रूही शिवत नाही. ग्रीकांचीही तीच देवी —

तरीही मी फिलोनीला कोठडीत बसवले. स्वतः अडसर लावला.

नंतर

अडसर माझ्या हातात आहे. मी तो केव्हा काढला — देवळात जा, असे मीच तिला म्हटले. ती गेली. बाबा, तुम्हीपण चला ना, म्हणत होती. मी पहारा सोडून —

ती सुरक्षित आहे, म्हणून लिहावयास बसलो. हात स्थिर आहे.

राजकन्या दारावर डोके आपटत आहेत. ते आता देवळाच्या पायऱ्यांवर आहेत, म्हणतात. मागच्या वाटेने गेलात तर ती अजून हाती लागेल. उठा, बाबा. उठा.

मी उठावयास हवे. हे मी जाणतो — जाणतो — पाय हलत नाहीत. आणि मला इतके स्वस्थ वाटत आहे. फिलोनी देवीपाशी आहे. तिला कोणीही