वातीवर आलेला आळ

१७ ऑगस्ट, रविवार
माळ्यावरून महालक्ष्म्यांची पेटी काढली. पितळी मुखवटे चिंचेने घासले. धाकट्या महालक्ष्मीच्या गालावरचा काळा डाग गेला नाही. आत्याबाई, माझ्या सासूबाई, दारात उभ्या.
"राहू दे. माझीच खूण हाय ती."
वर्ष होत आलं, अजून त्यांचं तेच म्हणणं. समईची वात त्यांनी जास्त सारली, म्हणून मागचा साड्यांचा पडदा पेटला. मुखवटेही त्यांनीच ओढून काढले. तापलेलं पितळ. उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. तेव्हापासून देवापुढचा दिवासुद्धा लावत नाहीत. मी लावते.

२० ऑगस्ट, बुधवार
आठवीला शॉर्टसर्किट शिकवलं. फळ्यावर दोन तारा, मधे आडवी रेघ. "मॅडम, ती आडवी काय?" धातूची कुठलीही वस्तू, म्हणाले. टाचणी म्हणाले नाही.
इथे तरी लिहावं. गेल्या वर्षी पडद्यावर लाइटची माळ मी लावली. वायर लोंबू नये म्हणून टाचण्या थेट वायरीतूनच टोचल्या, दोन-तीन ठिकाणी. संध्याकाळी अर्धी माळ विझली. हलवली, लागली. स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने आत्याबाईंची किंकाळी.
वात की टाचणी, कोण सांगणार? सगळं एकत्रच जळालं. समई पडद्यापासून हातभर लांब होती. कधी वाटतं, वीतभरच होती. ते माझ्या सोयीचं आहे, म्हणून त्यावर विश्वास ठेवत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं. मग, "आता आईला कशाला? सांगून तिचा हात बरा होणार हाय का?"
बरोबर आहे. पण ऐकून मला फारच हायसं वाटलं. तिथेच शंका आली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
या वर्षी माळ नाही, पडदा नाही. मागे नुसती भिंत. समई पाण्याच्या परातीत. कोपऱ्यात वाळूची बादली. शेजारच्या काकू डोकावल्या. "सूनबाई, महालक्ष्म्या बसवायल्यात का फायर ब्रिगेड?"
मी हसले. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "माझ्यामुळं करायली बिचारी."
परात मी समईखाली ठेवली. म्हणजे मीही समईवरच बोट ठेवलं. हे आधी कसं सुचलं नाही?

३१ ऑगस्ट, रविवार. आवाहन.
महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या चाळीस वर्षं आत्याबाईंनी घातल्या. आज त्या सांगत होत्या, मी घालत होते.
"आखूड घे. आणखी आखूड. अगं, पोत्याचं तोंड बांधायलीस का?"
दोघी हसलो. किती महिन्यांनी. निऱ्यांना लावायला टाचणी उचलली आणि हात तिथेच थांबला. बोलून गेले. "आत्याबाई, पडद्याला टाचण्या मी वायरीतून टोचल्या होत्या. माळ विझली होती, मी हलवून परत लावली. तुमची वात नसेल ती."
त्या धाकटीच्या गालाकडे बघत राहिल्या.
"नसेल म्हणायलीस. न्हाई म्हण की."
"नक्की माहीत नाही मला."
"आन् वर्षभर?"
मी टाचणी परत डबीत टाकली.
"समई लाव," म्हणाल्या आणि आत गेल्या. निऱ्या तशाच वाकड्या राहिल्या.

१ सप्टेंबर, सोमवार. महालक्ष्म्यांचं जेवण.
सोळा भाज्या, पुरण, आंबील. घर पाहुण्यांनी भरलेलं. पंगतीत कुणीतरी म्हणालंच, "आजी, औंदा वात जपून हां!" सगळे हसले.
दरवेळी त्या म्हणतात, चुकलं बाई माझं. आज म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. तेव्हाच मी बोलायला हवं होतं, सगळ्यांसमोर. हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं. वाढत राहिले.

२ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी समईत तेल घालायला गेले, तर ती तेवत होती. तेल काठोकाठ. वात सारलेली, नीट, मला कधी जमत नाही तशी. खाली फरशीवर तेलाचे थेंब, डाव्या हाताने ओतल्यासारखे. आणि परात? रिकामी करून भिंतीशी उभी केलेली.
आत्याबाई ओसरीवर बसल्यात, पाठ करून.
विसर्जन संध्याकाळी. तोवर परात परत खाली सरकवायची का? सुरक्षित तेच. पण सरकवली तर त्यांना काय म्हटल्यासारखं होईल, तेही आता कळतं.
ठरत नाही. समईजवळ बसूनच लिहितेय. वाळूची बादली पदराआड, त्यांना दिसू नये अशी.