आजी गावी निघाल्या

अविनो,

रताळी उकडून झाकून ठेवली आहेत, थर्मासमध्ये चहा आहे. पेपरला उपाशी जाऊ नकोस. निबंधात वाक्यं आखूड ठेव. भूतकाळात सुरू केलंस तर शेवटपर्यंत भूतकाळातच राहा. शेवटी थोडा वेळ नुसता वाचून बघायला ठेव, तुझ्या निम्म्या चुका घाईच्या असतात.

तुला शाळेपर्यंत सोडायला येणार होते, पण जमणार नाही. आजींना सियायाला जाणाऱ्या मटाटू गाडीत बसवायला गेले आहे. त्या गावी परत चालल्यात. तुझं इंग्रजी बिघडू नये म्हणून बाबांनी घरात आपली लुओ भाषा बोलणं बंद केलं, तेव्हापासून त्यांच्याशी कोणी धड बोललंच नाही. काल मला म्हणाल्या, "गावी माझं बोलणं निदान कोंबड्यांना तरी कळतं." मी इंग्रजीतच उत्तर दिलं, नियम पाळून.

सकाळी तू झोपेत होतीस तेव्हा तुझ्या उशाशी बसून त्या लुओत बराच वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. बाबा दारातच उभे होते, त्यांनी अडवलं नाही.

पेपर सुटला की आजींना फोन कर. लुओत बोल. इतक्या महिन्यांनी अडखळशील, चुकशीलही. त्या मार्क कापणार नाहीत.

आई