चुन्याचा देवमासा

गुरुजी,

तुम्ही समुद्र कधीच पाहिला नव्हता, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. मी पाहिला, आत्ता, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. मेडशीची नववी-दहावीतली नऊ पोरं-पोरी आणि त्यांच्यातल्या दोघींच्या आया, असे आम्ही मालवणला डॉल्फिन पाहायला गेलो होतो. ऐन गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत माझं शेतपंपांच्या मोटार रिवायंडिंगचं दुकान आठवडाभर बंद. लोकांनी नावं ठेवली, ठेवू देत. दर रविवारी त्याच दुकानात मी या पोरांना समुद्रातले जीव शिकवतो. दहावीच्या पुढे मी वर्गात बसलो नाही, जे आलं ते वाचून आलं, पण डॉल्फिनला मासा म्हटलेलं माझ्याकडे खपत नाही.

याची सुरुवात तुमच्यापासूनच. किन्हीराजाच्या शाळेमागचं खळं. तुम्ही बैलांचे कासरे एकमेकांना गाठी मारून शंभर फूट दोर करता, तो जमिनीवर ताणता आणि त्याच्या मापाने चुना टाकत देवमासा काढता. आख्खी शाळा त्याच्या पोटात उभी राहते, तरी जागा उरते. डोक्यामागे तुम्ही कल्ले काढता, आणि मी बोलतो, "गुरुजी, याले कल्ले नसतात. हा डोक्यावरच्या भोकातून दम घेते." रद्दीतल्या एका मासिकात वाचलेलं होतं. तुम्ही चुन्याचा हात झटकून म्हणता, "तू पाह्यला काय? पाह्यल्याबिगर बोलू नाही," आणि मला रेघेबाहेर उभं करता.

ते वाक्य मी आयुष्यभर बाळगलं. पोरांनाही तोच नियम: वहीत तेच लिहायचं, जे डोळ्यांनी पाहिलं. वेळ, संख्या, पाठ कशी, तोंड कसं.

सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी होडी निघाली. जॅकेटच्या पट्ट्या मी एकेकाच्या ओढून पाहिल्या. एक पोरगा पाण्याकडे बघत म्हणाला, "काका, याच्यावर किती एचपीची मोटार बसन?" दुसरा म्हणाला, "मोटार बसोशीन, पन लाइन रातचीच येईन ना बे!" सगळे हसले, मीही हसलो. मग होडीवाल्याने इंजिन बंद केलं.

आधी दिसलं काहीच नाही. आवाज आला. चढ चढून आलेला बैल नाकातून सोडतो ना, तसा ओला, मोकळा श्वास. फुस्स. मग पाणी फुगलं आणि राखाडी पाठ वर आली, मधोमध वशिंडासारखा उंचवटा, आणि तिला चिकटून एक लहान पाठ. पुन्हा श्वास, मोठा. त्याच्या मागोमाग छोटा. इतकी वर्षं त्या श्वासाबद्दल वाचत होतो मी, पण तो असा जवळून, आपल्याच अंगणात कोणी दमून बसावं तसा ऐकू येतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. एका आईने हात जोडले नि हळूच म्हणाली, "बाई, हे तं आपल्यासारखाच दम घेते." माझी पेन्सिल तशीच हातात राहिली. गुरुजी, तेव्हा तुमची फार आठवण आली.

परतताना होडीच्या टोकाला बसलेली पोरगी ओरडली, "काका, थे पाहा! लहान हाय, पाठीवर पंख नाही, चोच बी नाही!" मी वळलो. चष्म्यावर खारं पाणी उडालेलं, मला नुसता पांढरा धूसर उजेड दिसला. मी म्हणालो, "लाट असन."

"लाट नोयती काका. दम घेतला त्यानं."

"कायले वाद घालतं?"

तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "तुमी पाह्यलं काय?"

"पाह्यलं. लाटच होती," मी म्हणालो, आणि तिच्या वहीतली ओळ खोडून वर 'लाट' लिहिलं. काठावर दोर बांधताना होडीवाला त्या पोरीकडे बघत, फक्त मला ऐकू येईल असं बोलला, "चेडवान बरोबर बघल्यान. तेच्या पाठीर पंख नसता." तसा जीव असतो, हे मलाही पाठ होतं. पोरगी घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

अकरा दिवस झाले. खळ्यावरचा तो किस्सा मी दुकानात येईल त्याला सांगत आलो, नेहमी माझी हुशारी म्हणून. पण देवमासा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही खराटा घेऊन आलात, आख्ख्या शाळेसमोर वाकून स्वतः काढलेले कल्ले झाडलेत, डोक्यावर भोक काढलंत आणि म्हणालात, "काल मी चुकलो. हे पोरगं बरोबर होतं." मला हाताला धरून रेघेच्या आत घेतलंत. ते वाकणं मी कधी कोणाला सांगितलंच नाही.

आज रविवार. पोरं बाहेर जमली आहेत, ती पोरगीही आली आहे, सगळ्यांच्या मागे उभी. तिची वही माझ्यापुढे उघडी आहे. सगळ्यांसमोर 'लाट' खोडायची, तिची ओळ पुन्हा लिहायची आणि सांगायचं, की मी पाहिलंच नव्हतं. कासरे आणलेत, चुनाही आणलाय. "काका, येऊन राह्यले ना?" अशी दोनदा हाक येऊन गेली. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. खरं सांगतो गुरुजी, लिहायला बसलो ते तेवढाच वेळ बाहेर जावं लागू नये म्हणून.