धुऱ्यावरची बाभूळ

मंगळवार, वैशाख. रातची जेवणं झाल्यावर.

वरून हे मलेच म्हणतात, “काऊन तोंड पाडून बसली? दोन हात जमीन तं घेतली.” दोन हात! काशीच्या अन् आमच्या वावरामधला धुरा, तो मातीचा बांध, ह्यांनी नांगरानं मोडला, तिच्या बाजूला सरकवून नवा घातला. धुऱ्यावरची बाभूळ आता आमच्या वावरात. काशीचा नवरा गेलेला, एकटी बाई काय भांडणार, असं ह्यांना वाटलं.

भांडली ती. आज पंचायतीपुढं म्हणाली, “बाभूळ रातून चालत गेली काय जी?” सारे हासले. सरपंचानं मलेच विचारलं, “वहिनी, बाभूळ कोणाची?”

आमची म्हणलं. सासऱ्यानं लावली म्हणलं.

कोणी लावली नाही ती. आपोआप उगवली. तिच्याच फांदीले आमच्या दोघींच्या लेकरांच्या झोळ्या बांधून आम्ही वावरातलं तण निंदायचो. माझं रडलं की काशी पाजायची. अन् मी भर लोकांत... काऊन बोलली? ह्यांचं भेव, का त्या दोन हाताचा लोभ मलेही होता? होता. लिहायले लाज वाटते, पण होता.

काशी जाताना एवढंच म्हणाली, “असू दे वं शांते, बाभूळ तुही. झोळीची दोरी तं माही होती ना?”



जेवताना ह्यांना सांगितलं, शुक्रवारी पंचायत पुन्हा बसते. धुरा जागच्या जागी घालता, का मी खोटं बोलली म्हणून तिथं उठून सांगू? शुक्रवारच्या आत बोला.