हितचिंतकांचा ग्रुप

१ एप्रिल, सकाळी
आजपासून कर्जमुक्ती. वही नवी, पेन नवं, निश्चय नवा. वही आणि पेन कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्यांकडून उधार आणलंय, पण तो भांडवली खर्च असल्यामुळे कर्जात धरलेला नाही.

बायकोचं म्हणणं होतं की बँकेत एक बाई बसतात, कर्ज कसं फेडायचं याचा सल्ला फुकट देतात, त्यांच्याकडे जाऊ. मी हसलो. गाद्यांच्या शोरूममध्ये मी इतकी वर्षं लोकांना हप्त्यावर गाद्या विकतोय, हप्ता म्हणजे काय हे मला कोण शिकवणार? आपला प्लॅन आपणच करायचा. बायको म्हणाली, ठीक आहे, तीस तारखेपर्यंत बघते. नाही जमलं तर पगाराचं एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये. मी तिथल्या तिथे मान्य केलं. तीस तारीख अजून खूप लांब आहे.

१ एप्रिल, दुपारी
ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांना यापुढे 'हितचिंतक' म्हणायचं ठरवलं. माझ्या तब्येतीची, ठावठिकाण्याची आणि पगाराच्या तारखेची इतकी चौकशी सख्खे नातेवाईकही करत नाहीत.

हितचिंतक पाच. खालच्या दुकानातले किराणावाले काका. क्रेडिट कार्ड कंपनीतून फोन करणाऱ्या मॅडम. दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी माझ्या दाढेवर तात्पुरती टोपी बसवलीय आणि पक्की टोपी पैसे आल्यावर देणार आहेत. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आणि मशीनवाले, ज्यांच्याकडून बायकोचं शिलाई मशीन हप्त्यावर घेतलं.

२ एप्रिल
आराखडा तयार. लोक रकमेप्रमाणे नाहीतर व्याजाप्रमाणे क्रम लावतात. ते वरवरचं आहे. मी स्वभावाप्रमाणे लावला. जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं, म्हणजे आपल्याला मनःशांती. शांत माणसाला शेवटी, कारण त्याच्याकडे ती असतेच. मोठ्या कागदावर तक्ता काढून लॅमिनेट करून घेतला (उधार). भिंतीवर झकास दिसतोय.

बायकोने तक्ता बघून एवढंच विचारलं की मशीनचे दोन हप्ते थकलेत, तरी मशीनवाले शेवटी कसे? मी सांगितलं, ते देवमाणूस आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. ती म्हणाली, शाळेच्या गणवेशांची ऑर्डर तीस तारखेला द्यायची आहे, मशीनला काही होता कामा नये. मशीनला काय होणार? लोखंडी आहे.

५ एप्रिल, शोरूममध्ये, जेवणाच्या सुट्टीत
आज एका जोडप्याला सर्वात महागडी गादी विकली. त्यांना म्हटलं, हप्ता कळतसुद्धा नाही, झोपेत निघून जातो. मालक खूश. त्या भरात स्वतःसाठी मानेची स्पेशल उशी घेतली, पगारातून थोडी थोडी कापून घेतील. मान ताठ असली की वाटाघाटीत फरक पडतो.

उशी कर्जात धरलेली नाही. ती औषधात जाते.

७ एप्रिल
कार्डवाल्या मॅडमचा फोन. त्यांनी विचारलं की किती भरणार आणि केव्हा. मी त्यांना कर्जाकडे बघण्याचा माझा दृष्टिकोन सविस्तर समजावला. त्यांनी पुन्हा विचारलं, किती आणि केव्हा. शेवटी म्हणाल्या की हे संभाषण रेकॉर्ड होतंय. बरं वाटलं. कंपनीत ट्रेनिंगला वापरतील.

९ एप्रिल
व्यायाम सुरू. इमारतीच्या पुढच्या दाराऐवजी मागच्या गल्लीतून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून येतो. किराणावाल्या काकांचा याच्याशी काही संबंध नाही.

१० एप्रिल
काका मागच्या गल्लीत भेटले. त्यांचं गोदाम तिथे आहे हे माहीत नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि दाढेची टोपी निघून पडली. टोपी शोधण्याच्या निमित्ताने दोघंही खाली वाकलो आणि विषय बदलला. टोपी काकांनीच शोधून दिली. माणूस मनाने चांगला आहे.

१२ एप्रिल
एका बाजूने चावताना कल्पना सुचली. पाच जणांचे पाच फोन, पाच वेळा तेच स्पष्टीकरण. यात माझा केवढा वेळ जातो! सगळ्यांना एकाच ग्रुपमध्ये घेतलं तर? एक मेसेज, काम खलास. पारदर्शकता वगैरेही आपोआप येते. मोठ्या कंपन्या असंच करतात, असं वाटतं.

१३ एप्रिल
ग्रुप सुरू. नाव ठेवलं 'माझे हितचिंतक'. बायकोलाही घेतलं, तिला माझं व्यवस्थापन बघता येईल. पहिला मेसेज टाकला: आपण सर्व एका कुटुंबाचे घटक आहोत, धीर धरा. मेहुण्याने अंगठा दाखवला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा ग्रुप कसला? काकांनी विचारलं, पैसे कधी? ग्रुप जिवंत आहे हे महत्त्वाचं.

१४ एप्रिल
आराखडा नीट कळावा म्हणून भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटो इतका स्पष्ट आला की शेवटच्या रकान्यातलं बारीक अक्षरही वाचता येतंय.

१४ एप्रिल, तासाभराने
शेवटच्या रकान्याचं नाव 'स्वभाव व उपाय' आहे हे लक्षात नव्हतं. त्यात माझ्या खासगी नोंदी होत्या. काकांपुढे लिहिलंय: आरडाओरडा करतात, थोडे पैसे तोंडावर मारावेत. मॅडमपुढे: आवाज गोड, बोलत ठेवावं. डॉक्टरीणबाईंपुढे: भीती वाटते, टाळावं. मेहुण्यापुढे: घरचाच आहे, बुडाले तरी चालेल. मशीनवाल्यांपुढे: गरीब गाय, सर्वात शेवटी.

फोटो काढून टाकला. पण सगळ्यांच्या नावापुढे 'पाहिले' असं दिसतंय.

१५ एप्रिल
ग्रुपवर विलक्षण शांतता. माझ्या मते आराखडा पटला.

१६ एप्रिल
शांतता संपली. मेहुण्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं की भावजींनी दाढेसाठी म्हणून माझ्याकडून पैसे नेले होते, ते तुम्हाला मिळाले का? त्यांना नव्हते मिळाले, ते मी काकांना दिले होते. काकांनी लिहिलं की मग मशीनच्या हप्त्याचं कारण सांगून ह्यांनी दुकानातून रोख नेले, त्याचं काय? ते मी कार्डात भरले होते. मी ग्रुपवर खुलासा केला की यालाच खेळतं भांडवल म्हणतात. कोणी अंगठा दाखवला नाही.

मॅडम ग्रुप सोडून गेल्या. जाताना लिहून गेल्या की कंपनीच्या नियमात हे बसत नाही, शिवाय आवाजाबद्दल आभार.

१९ एप्रिल
मशीनवाल्यांचा फोन. किती मृदू बोलतात! आधी दाढेची चौकशी केली. मग म्हणाले, तक्ता वाचला, अक्षर छान आहे तुमचं. बावीसला सकाळी घरी येऊन जाऊ का? मी म्हटलं, अवश्य, चहालाच या. बायकोला सांगितलं की बघ, संबंध जपले की असं होतं. ती हातातलं काम टाकून गणवेश शिवायला बसली.

२२ एप्रिल
मशीनवाले आले. चहा घेतला. चहा चांगला झालाय म्हणाले. मग मशीनला ओरखडा पडू नये म्हणून एखादी जुनी चादर मागितली. मीच काढून दिली. मला वाटलं, सर्व्हिसिंग असेल.

जिन्यात मशीन जड पडत होतं म्हणून एका बाजूने हातही लावला. टेम्पोत चढवून झाल्यावर त्यांनी सांगितलं की थकलेले दोन हप्ते भरले की परत घेऊन जा, तोवर ते दुकानात नीट ठेवतील. दाढेची काळजी घ्यायलाही सांगितलं.

खोली मोठी दिसतेय. हवा खेळती राहील.

२३ एप्रिल
मशीन होतं तिथे फरशीवर चार पायांचे चार डाग आहेत. बायको खिडकीशी बसून गणवेशांच्या शिवणी हाताने घालतेय. बोटाला पट्टी बांधलीय. मी विचारलं की मदत करू का, तर नको म्हणाली.

आज प्लॅनबद्दल काही लिहावंसं वाटत नाही. लाज वाटते.

२४ एप्रिल
सकाळी ग्रुपवर मेसेज टाकायला गेलो तर जाईना. मला ग्रुपमधून काढलंय. माझा ग्रुप! फोन बिघडला असेल म्हणून दोनदा बंद करून चालू केला. मग आठवलं की परवा सर्वांना मोकळं वाटावं म्हणून मीच मेहुण्याला अ‍ॅडमिन केलं होतं.

शोरूममध्ये लक्ष लागलं नाही. एक गृहस्थ हप्त्यावर गादी घ्यायला आले होते. त्यांना मी म्हटलं की आधी घरी विचारून या. मालकांनी नंतर बोलावून घेतलं.

२५ एप्रिल
ग्रुप माझ्यावाचून जोरात चाललाय. बायकोच्या फोनची टिंगटिंग सारखी चालू. ती स्वयंपाकघरात जाऊन वाचते. मी पाणी प्यायला गेलो की फोन पालथा ठेवते. आज नऊ वेळा पाणी प्यायलो.

जिन्यात काका भेटले. मी व्यायामाचं सांगू लागलो तर म्हणाले, आता पुढच्या दाराने या-जा करा, तुमच्याशी बोलायचं काही उरलेलं नाही. हा अपमान होता की सवलत, ते कळलं नाही.

२६ एप्रिल
मशीन परत आलं!

मेहुण्याकडून हकीकत कळली. ग्रुपवर काकांनी मुद्दा मांडला की त्या घरात कमावणारी आणि थापा न मारणारी वस्तू एकच, ती म्हणजे मशीन. तेच गेलं तर आपल्या सगळ्यांचे बुडाले. मग काका, डॉक्टरीणबाई आणि मेहुणा यांनी मिळून थकलेले हप्ते भरले. मशीनवाल्यांनी दंड सोडला, टेम्पोचं भाडंही घेतलं नाही. पैसे बायकोच्या नावावर दिलेत. माझ्या नावावर द्यायला सर्वांचा विरोध होता, आणि त्यात मेहुणा सर्वात पुढे होता, हे त्याने स्वतःच सांगितलं.

थोडक्यात, माझ्या हितचिंतकांनी एकत्र येऊन मार्ग काढला. आणि त्यांना एकत्र कोणी आणलं? पण हे बायकोला बोलून दाखवलं नाही. मशीन चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा मला रडू आलं. दाढ दुखत होती असं सांगितलं.

२८ एप्रिल
ऑर्डर वेळेत व्हावी म्हणून बायकोने मला बटणांवर बसवलं. मान ताठ राहावी म्हणून स्पेशल उशी लावली आणि पूर्ण एकाग्रतेने शर्टांचा एक गठ्ठा हातावेगळा केला. बायकोने पाहिलं. मी सगळी बटणं काजांच्याच पट्टीवर लावली होती. शर्ट घालणाऱ्याने ती कशात अडकवायची, असं तिने विचारलं.

उसवतोय.

३० एप्रिल
ऑर्डर गेली. पैसे आले. काकांना, डॉक्टरीणबाईंना आणि मेहुण्याला पहिला वाटा संध्याकाळच्या आत पोचला. मशीनचा या महिन्याचा हप्ताही गेला. उरलेलं कसं फेडायचं, ते सगळं बायकोने एका चिठ्ठीवर लिहिलंय. चिठ्ठी फ्रीजवर लावलीय. लॅमिनेट केलेली नाही. परवा ती कार्डाच्या देण्यासाठी बँकेतल्या त्या बाईंकडेही जाऊन आली. बाई फार हुशार आहेत म्हणे.

ठरल्याप्रमाणे एटीएम कार्ड तिला दिलं. मी एक छोटंसं भाषण तयार ठेवलं होतं, आपण मिळून कुठवर आलो यावर. तिने पर्सची चेन लावली आणि उद्याच्या बसपुरते सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले. तेसुद्धा मोजून.

२ मे
नवी ऑर्डर. दवाखान्याचे पडदे आणि डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट. पक्की टोपी कोट झाल्यावर बसणार. बटणं आता बरोबर पट्टीवर लागतात. पुढच्या वर्षीपर्यंत आपण पूर्ण मोकळे, असं बायको म्हणते. माझ्या हिशेबाने तर दिवाळीच्या आधीच.

या नव्या पर्वासाठी नवी वही हवी म्हणून स्टेशनरीवाल्यांकडे गेलो. उधार मागितली. ते म्हणाले, ग्रुपला विचारून सांगतो. ते कधी ग्रुपमध्ये गेले? लॅमिनेशनचं बिल त्यांनी म्हणे बायकोकडे पाठवलं, तेव्हापासून.

पाच मिनिटांत उत्तर आलं. वही देऊ नये. जुनीत मागे पुष्कळ पानं कोरी आहेत, आधी ती संपवावीत. आणि ती उशी औषधात जात नाही, मालकांना परत करावी.

घरी येईपर्यंत विचार करत होतो. ही वही मी गादीखाली ठेवतो. पानं कोरी असल्याचं ग्रुपला कसं कळलं? उशी मी औषधात धरलीय हे कसं कळलं? मग वहीतली एकेक तारीख आठवत गेलो आणि तेवीस तारखेच्या 'लाज वाटते'शी येऊन थांबलो.

बायको मशीनवर होती. विचारायला तोंड उघडलं, पण तिने मान वर न करता सुई-दोरा माझ्यापुढे धरला. मी ओवून दिला.