गिळलेला अर्धा मीटर

लिंबायत, सुरत, श्रावणातला मंगळवार, १९९६

शी! त्या शेठची किळस अजून जात नाही. माझी नात मनी क्लासात कॉम्प्युटरची सी भाषा शिकते. शेठच्या मागांच्या कारखान्यात ती हिशेबाला लागली, तिथे तिने मजुरीचा हिशेब त्यात बसवला. आज डबा द्यायला गेले, तर पडद्यावर माझ्याच मुलाचा, मनीच्या बापाचा हिशेब. तो आणि जोडीदार मिळून सत्त्याण्णव मीटर कापड, भागिले दोन, उत्तर अठ्ठेचाळीस! व माय, अर्धा मीटर कुठे गेला?

मनी म्हणाली, "आजी, मी आकडे 'इंट' ठेवले. त्यात अर्धा मावत नाही, यंत्र तो टाकून देतं. 'फ्लोट' करायला हवं, त्यात अर्धाही मावतो."

चुकलं पोरीचं, असू दे. पण शेठ हसला, "रहेवा दे, दीकरी, एम ज सारु छे." राहू दे, असंच बरंय म्हणे! रोज कुणा ना कुणाचा अर्धा मीटर गिळणार, मेला. थू!

बाप खाली मान घालून उभा. मनीने मात्र तिथेच 'फ्लोट' केलं. शेठ तिला म्हणाला, उद्यापासून कामावर येऊ नको.

येताना मी पेढे घेतले. शेजारीण विचारते, "मनीची नोकरी पक्की झाली वाटतं?"

म्हटलं, "नाही गं, गेली. घे, तोंड गोड कर."